ओट्यावर चहाचा प्रश्न

आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा आतल्या खोलीत कुंदाचा लॅपटॉप वाजत होता. थांबायचा, पुन्हा वाजायचा. बाहेर लोक पायावर पाणी घेत होते आणि अक्का, माझी मोठी बहीण, कुणी काही विसरलं नाही ना ते बघत होती. ती मला म्हणाली, ते आधी बंद कर. मला बंद करता येत नव्हतं. पडद्यावर हिरवं बटण होतं, फोनवर असतं तसं. मी ते दाबलं आणि चार चौकटींत चार माणसं उभी राहिली.

ती हसत होती. एका बाईने, कपाळावर मोठी टिकली असलेल्या, ताई आज उशीर केलात असं काहीतरी म्हटलं आणि मला बघून थांबली.

मी म्हणालो, "मी कुंदाचा नवरा. कुंदा आज पहाटे वारली. आत्ताच आलो आम्ही."

 एका म्हाताऱ्याने चष्मा काढून हातात धरला. दुसरी एक बाई खुर्चीतून उठून उभी राहिली, त्यामुळे तिचा चेहरा दिसेना, फक्त निळा एप्रन दिसत राहिला. टिकलीवालीने तोंडावर हात ठेवला. कोपऱ्यातल्या चौकटीत एक मुलगी होती, तिच्या मागे नुसतं आभाळ. तिने विचारलं, "दाजी, तुमच्याजवळ कुणी आहे का?"

मी सांगितलं, बहीण आहे.

"मग ठीक," ती म्हणाली.

त्यानंतर कॉल कुणी तोडेना. मलाही तोडता येईना. शेवटी अक्का आली आणि तिने लॅपटॉपचं झाकण पाडलं.

ते कोण होते ते सांगतो. कुंदा शाळेतून निवृत्त झाल्यावर एका मुक्त विद्यापीठाचा मराठीचा अभ्यासक्रम घरून चालवायची. ज्यांच्या घरात मराठी आहे पण जरा वेगळी, किंवा ज्यांना कामासाठी मराठी लागते, अशा लांबच्या माणसांसाठी तो होता. मोठी टिकली म्हणजे प्रमिला, मॉरिशसची, तिथल्या शाळेत लहान मुलांना मराठी शिकवायची. एप्रनवाली हन्ना पेणकर, इस्राएलात अश्दोदला वृद्धाश्रमात नर्स. तिची मराठी ज्यू आई रायगडकडून तिकडे गेलेली. चष्मा काढला ते तंजावरचे भीमराव, त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तिकडेच. आणि मागे आभाळ होतं ती जुरी पुंगाटी, भामरागडच्या बाजूच्या एका पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस. घरात माडिया बोलणारी. रेंज मिळायला तिला टेकडीवर जावं लागायचं, म्हणून आभाळ.

आठवडाभर हे चौघं एका ठिकाणी लिहायचे आणि शनिवारी दुपारी समोरासमोर बोलायचे. लिहायच्या जागेला कुंदाने नाव दिलं होतं ओटा. कुंदा त्यांची ताई, म्हणून मी न बघताच त्यांचा दाजी झालो होतो.

दोन दिवसांनी मला प्रमिलाचा निरोप आला. तिने आधी पुष्कळ क्षमा मागितली होती आणि मग विचारलं होतं, आपला ओटा आता बंद होणार का. तिच्या शाळेत मराठीची कायमची जागा याच वर्षी भरायची होती. प्रमाणपत्र असेल तर जागा तिला, नसेल तर मराठीचा तासच जाणार आणि मुलं दुसऱ्या विषयाला बसणार. हे विचारायची ही वेळ नाही हे मला कळतं, असं तिने शेवटी लिहिलं होतं.

त्याच दिवशी विद्यापीठातून टिल्लू मॅडमचा फोन आला. बाई चांगल्या. कुंदाबद्दल बोलताना त्यांचा आवाज भरून आला. पण मार्गदर्शक नाही म्हटल्यावर गट मिटवून या चौघांना पुढच्या वर्षीच्या गटात घालावं लागेल, म्हणाल्या. चर्चेला गुण असतात आणि चर्चाच झाली नाही तर त्या गुण कशाला देणार.

मी म्हणालो, "मी चालवतो."

 त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही वीज मंडळात होता ना?"

"तक्रार कक्षात. सगळी नोकरी तिथेच."

"हे तसं काम नाही हो."

"माणसांशीच बोलायचंय ना? मी दुसरं काय केलं आयुष्यभर?"

त्या हसल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, येत्या शनिवारी मी स्वतः सत्राला येऊन बसते. विद्यार्थी एकमेकांशी बोलताना दिसले तर गट राहील. नाहीतर माझा नाइलाज आहे.

अक्काला हे अजिबात पटलं नाही. सुतकात असले उद्योग कुणी करतं का, असं ती मला तोंडावर म्हणाली आणि स्वयंपाकघरात भिंतीलाही म्हणाली. पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. घरात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मान हलवण्यापेक्षा हे बरं होतं. खरं सांगायचं तर मला हुरूप आला होता. कुंदाची खुर्ची, कुंदाचा लॅपटॉप, आणि तिची माणसं माझ्या हातात. हे बंद पडू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

तक्रार कक्षात आमचा एकच नियम होता. आलेली तक्रार त्याच दिवशी मिटवायची. फ्यूज गेला, तार लोंबतेय, बिल जास्त आलं, काहीही असो, संध्याकाळी काही प्रलंबित दिसता कामा नये. मी ओटा तसाच चालवायला घेतला.

प्रमिलाने लिहिलं, आमच्याकडे गुढीला कडुलिंब मिळत नाही, मग काय लावायचं? मी लगेच लिहिलं, मिळेल तो पाला लावा. हन्नाने विचारलं, आमच्या घरी नवस फेडायला मलिदा करतात, तुमच्याकडे कधी करतात? मी लिहिलं, आमच्याकडे उरुसाला करतात. भीमरावांनी विचारलं, पुरणपोळीबरोबर तुमच्याकडे काय असतं? मी लिहिलं, कटाची आमटी. तिघांनीही धन्यवाद दाजी म्हटलं. जुरीने काहीच लिहिलं नाही. जिची तक्रार नाही ती सुखात आहे असं मी धरलं.

मी तर खूश होतो. अक्काला बोलावून दाखवलं, बघ, एक प्रश्न पडून नाही. ती म्हणाली, दिवा लाव आता.

बुधवारी टिल्लू मॅडमचा फोन. त्यांनी आत डोकावून बघितलं होतं. "काका, वाईट वाटून घेऊ नका. हा ओटा राहिला नाही, खिडकी झाली. माणूस येतं, काम करून घेतं, जातं. हे एकमेकांशी कुठे बोलतायत?"

मी लॅपटॉप उघडून पाहिला. खरंच होतं. तिघांच्या आणि माझ्यामध्ये तीन वेगवेगळ्या रस्त्यांवरून सायकली गेल्यासारखं दिसत होतं. कुठे कुणाची गाठ पडलेली नव्हती.

मी हन्नाला फोन लावला. ती स्पष्ट बोलेल असं वाटलं, आणि ती बोललीच. मागे कुणीतरी आजी तिला हाका मारत होती, तिकडे ती तिच्या भाषेत काहीतरी ओरडली आणि मला म्हणाली, "रागावू नका दाजी. तुम्ही फार पटकन उत्तर देता. ताई देतच नसे. ती म्हणायची, थांबा, जुरीकडे काय करतात ते विचारू. जुरी सांगायची. मग मला राहवायचं नाही. मग भीमराव माझी चूक काढायचे. तुम्ही उत्तर देऊन मोकळे होता, आता आम्ही काय बोलायचं?"

"मग मी करू काय?"

"तुम्हाला ज्याचं उत्तर येत नाही ते विचारा बाबा."

मी विचार करत बसलो. तेवढ्यात आमचे बापू खरात आले. जुने लाइनमन, खेड्यावरून एसटीने उन्हातान्हात आलेले. माझ्यासमोर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.  जरा वेळाने ते उठले. सुतकात निरोप घेत नाहीत म्हणून काही न बोलता चपला घालून निघून गेले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. हा माणूस आमच्याकडे आला आणि चहा न घेता गेला असं कधी झालं नव्हतं. मी अक्काला म्हणालो, निदान कपभर चहा. ती म्हणाली, सुतकाच्या घरी चहा विचारत नाहीत, तुला का माहीत नाही?

माहीत होतं. पण पटत नव्हतं, आणि न पटल्यावर काय करायचं ते येत नव्हतं.

मी एका बोटाने लिहिलं. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी आलेल्याला चहा देत नाहीत. लोक लांबून येतात आणि कोरडे उठून जातात. कुंदा असती तर तिने कुणाला असं जाऊ दिलं नसतं. मी काय करावं मला कळत नाही. तुमच्याकडे काय करतात?

एवढं लिहून मी गच्चीवर गेलो. फोन मुद्दाम खाली ठेवला. टाकीच्या सावलीत बसून राहिलो, खाली जायचं नाही म्हणून. संध्याकाळी उतरलो तेव्हा भीमरावांचं उत्तर आलेलं. नियम म्हणजे नियम, दाजींनी चहा देऊ नये, जनरीत मोडू नये. त्याखाली प्रमिलाचं. आमच्याकडे तर चहा देतात, कॉफी देतात, बिस्किटं देतात आणि लोक रात्रभर पत्ते खेळतात.

भीमराव खवळले. मयताच्या घरी पत्ते, हा काय प्रकार आहे, मराठी माणसाला हे शोभतं का.

प्रमिलाला ते लागलं. तिने लांबलचक लिहिलं. आजोबा गेले तेव्हा अंगणात टेबलं मांडली होती. पत्ते मजेसाठी नसतात. बसलेल्यांना झोप लागू नये म्हणून असतात. झोप लागली तर गेलेला माणूस एकटा पडतो. हे तुम्हाला तंजावरला कसं कळणार, तुमच्याकडे सगळे लवकर झोपत असतील.

माझे हात शिवशिवायला लागले. भांडण वाढलेलं होतं आणि मला भांडण मिटवायची सवय. मी लिहिलं, दोघांचंही बरोबर आहे, विषय संपवू. बटण दाबणार तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, पत्त्यांचं काय म्हणतेय ती बाई? म्हणजे ती दाराआड ऐकत होती, कारण मी मोठ्याने वाचत होतो. मी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि लिहिलेलं पुसून टाकलं. त्या जागी एवढंच लिहिलं, जुरी, तुमच्याकडे काय करतात?

जुरीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आवाजात. टेकडीवरचा वारा त्यात मध्ये मध्ये फडफडत होता. ती म्हणाली, आमच्याकडे ढोल वाजतो. गाव जमतं. गेलेल्याच्या आवडीचं त्याच्यासाठी ठेवतात. नंतर त्याच्या नावाने दगड उभा करतात. येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही आणि रिकाम्या पोटाने जात नाही. येणाऱ्याचं आणि घरच्यांचं, दोघांचं असतं ते, एकट्या घरच्यांचं नाही.

आणि मग जे सुटलं ते सांगता येत नाही. भीमरावांनी जुरीला विचारलं, ढोल कोण वाजवतं? जुरीने सांगितलं, आणि त्यांना उलट विचारलं, तुमच्याकडे कुणीच वाजवत नाही का? भीमरावांना कबूल करावं लागलं की तिकडे प्रेतयात्रेपुढे वाजंत्री असते, आणि चांगली जोरात असते. प्रमिलाने लगेच चिमटा काढला, वाजंत्री चालते आणि पत्ते चालत नाहीत का भीमराव. हन्ना मध्ये पडली. आमच्याकडे सात दिवस घरचे खाली बसतात, शेजारी जेवण घेऊन येतात, उकडलेली अंडी आणतात. घरच्याने काही द्यायचंच नसतं, आलेल्याने आणायचं. आणि दुःख ज्याचं आहे तो बोलेपर्यंत आलेल्याने तोंड उघडायचं नाही.

मी नुसता वाचत होतो. वाचून अक्काला सांगत होतो आणि ती पोळ्या अर्ध्या टाकून येत होती. अंड्यांचं ऐकून तिने नाक मुरडलं. वाजंत्रीचं ऐकून म्हणाली, ते भीमराव समंजस वाटतात, त्यांना लिही की चहाविषयी अक्कांचंही तेच म्हणणं आहे. मी लिहिलं. भीमरावांनी अक्कांना नमस्कार सांगितला. त्या दिवसापासून आमच्या घरात एक पक्ष तंजावरचा होता. लॅपटॉपची बॅटरी संपत आली की अक्काच मला चार्जर लावायची आठवण करून द्यायला लागली.

शनिवार आला. मी दाढी केली नव्हती, सुतक होतं, पण सदरा धुतलेला घातला. हिरवं बटण दाबलं. चौघं आले. टिल्लू मॅडम आल्या नव्हत्या, दुसऱ्या सत्रात अडकल्या होत्या. मला जरा बरंच वाटलं. अक्का माझ्या मागे स्टुलावर बसली, आपण यात नाही अशा थाटात.

प्रमिला म्हणाली, "दाजी, आम्ही ठरवलंय. तुमच्या घरी आम्ही भेटायला आलोच नाही अजून. आज आलोय. तुम्ही काही द्यायचं नाही, हन्नाच्या रीतीने आम्हीच आणलंय." आणि तिने चहाचा कप वर धरला. हन्नाने काचेचा पेला धरला, त्यात पुदिन्याची पानं तरंगत होती. जुरीने पाण्याची बाटली दाखवली, टेकडीवर तेवढीच होती.

मी भीमरावांकडे पाहिलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग मागून कुणीतरी त्यांच्या हातात पितळी वाटी आणि पेला दिला, वाफ निघत होती.

"ही कॉफी आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "नियम चहाचा आहे. कॉफीविषयी आमचे वडील काही बोलले नव्हते."

अक्का उठली. मला वाटलं, रागावून गेली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, गॅस पेटल्याचा आवाज आला. जरा वेळाने ती दोन कप घेऊन आली. एक माझ्यासमोर ठेवला, एक स्वतःच्या हातात धरला. म्हणाली, "आज आपण यजमान नाही. हे लोक आलेत, त्यांच्याबरोबर प्यायचं."

सगळे प्यायला लागले. आणि सगळे गप्प झाले.

नेमक्या त्या वेळी पाचवी चौकट उघडली. टिल्लू मॅडम.

त्यांनी नमस्कार केला. कुणी उत्तर दिलं नाही. त्या एकेकाकडे बघत होत्या. चार विद्यार्थी कप तोंडाला लावून बसलेले, कुणी कुणाशी एक शब्द बोलत नाही. मी त्यांच्या जागी असतो तरी काय समजायचं ते समजलो असतो. मला कळत होतं की ही हन्नाची रीत आहे, मी बोलेपर्यंत कुणी बोलणार नाही. प्रमिलाने कप दोन्ही हातांनी धरला होता. तिची नजर मॅडमच्या चौकटीवर होती, पण तीसुद्धा गप्प. तिची शाळा, तिची मुलं, सगळं त्या चौकटीत बसून बघत होतं आणि ती माझ्यासाठी थांबली होती.

मला बोलायचं होतं. सांगायचं होतं की मॅडम, चार दिवस हे एकमेकांशी इतके बोललेत की तुम्हाला वाचता वाचता पुरे होईल. तसं बोललो असतो तर तक्रार मिटली असती. पण मी हातातल्या कपातला एक घोट घेतला. टिल्लू मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, मग आपण..."

"कुंदाला आल्याचा चहा चालायचा नाही," मी म्हणालो. "अक्काने आलं घातलंय. आज पहिल्यांदा या घरात आल्याचा चहा झाला."

मग मी थांबलोच नाही. ती चहात साखर किती घालायची, पहिला कप कुणाला द्यायची, बापू खरात आले की त्यांना मोठा कप काढायची, आणि ते परवा कोरडे गेले. बोलता बोलता माझा आवाज गेला आणि तेवढ्यात जुरी बोलायला लागली, की ताईने तिला पहिल्या दिवशी काय विचारलं होतं. तिचं संपायच्या आत हन्ना. प्रमिला रडत रडत हसत होती आणि भीमरावांना म्हणत होती, तुम्हीही सांगा, ताई तुमच्यावर एकदा चिडली होती ते. भीमराव म्हणाले, चिडली नव्हती, दुरुस्ती केली होती. अक्का मागून म्हणाली, चिडलीच असेल, मी ओळखत होते तिला. भीमराव म्हणाले, अक्का, तुम्हीसुद्धा? सगळे एकदम बोलत होते. मी मागे रेलून बसलो. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

टिल्लू मॅडमनी कितीदा तरी हात वर केला. शेवटी त्यांना सवड मिळाली. आता त्या गटाचं सांगतील म्हणून प्रमिलाने कप खाली ठेवला. मॅडम म्हणाल्या, "आमच्या सासरी, बेळगावला, काय करतात सांगू का?"

त्यांनी सांगितलं. भीमरावांनी त्यात चूक काढली. सत्र संपल्यावर मला त्यांचा एका ओळीचा निरोप आला, गट चालू ठेवा.

गट राहिला. प्रमिलाला ती जागा मिळाली. तिच्या वर्गाचा फोटो आला तेव्हा अक्काने तो शेजारच्या सगळ्या घरी नेऊन दाखवला. बापू खरात पुन्हा आले तेव्हा सुतक फिटलेलं होतं, तरी मोठा कप अक्कानेच काढला. विद्यापीठाने मला पुढच्या वर्षीही गट दिला, आणि त्याच्या पुढच्याही. आता बरीच वर्षं झाली.

वर्ष संपताना विद्यापीठाचा एक नियम असतो. प्रत्येक चर्चेचा मार्गदर्शकाने समारोप लिहायचा आणि ती बंद करायची. गुढीचा मी लिहिला, मलिद्याचा लिहिला, पुरणपोळीचाही लिहिला. चहाच्या प्रश्नाखाली नव्या गटांतली माणसं अजून लिहितात. मागच्या महिन्यात बस्तरच्या एका मास्तरांनी लिहिलं, आणि भीमरावांनी तंजावरहून त्यांना उलट प्रश्न विचारलाय. टिल्लू मॅडम दर वर्षी आठवण करून देतात.

त्या चर्चेचा समारोप मी अजून लिहिलेला नाही.